देवापुढे कोणती चाल?



आपल्या मराठी मिस्साच्या गायनवृंदाकडे अधूनमधून एक सूचना हमखास येते. अमुक सिनेमातल्या गाण्याची चाल फार गोड आहे, तिच्यावर प्रभूचे शब्द बसवले तर तरुण मंडळी आवडीने गातील. लगेच कुणी ज्येष्ठ म्हणतात, "देवळात सिनेमा नको." दोघेही मनापासून बोलत असतात. वाद मिटतो तो बहुधा वेळ संपल्यामुळे. चाल सिनेमाची असली म्हणून तिला विटाळ असतो का? ती देवापुढे आणली म्हणजे शुद्ध होते का? आणि हे ठरवायचे कुणी? हे प्रश्न तसेच पडून राहतात.

आज या प्रश्नांकडे आपल्या एका शेजाऱ्याच्या घरातून पाहू या. हा शेजारी मराठी बोलतो, कोकणातला आहे, आणि प्रभू येशू ज्या स्तोत्रांनी प्रार्थना करीत असे तीच स्तोत्रे आजही म्हणतो. मी बेने इस्राएल समाजाविषयी बोलतो आहे. मुलुंडचा चेकनाका ओलांडून ठाण्यात टेंभी नाक्याकडे गेलात तर १८७९ साली बांधलेले त्यांचे प्रार्थनामंदिर लागते. नाव 'शार हशामाईम', म्हणजे स्वर्गाचे दार. मुंबई परिसरातले बरेच बेने इस्राएल आज ठाण्यातच राहतात. आपल्यातल्या किती जणांनी ते मंदिर बाहेरून तरी पाहिले असेल, कोण जाणे.

या समाजाची कथा बहुतेकांनी थोडीफार ऐकलेली असते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे ही माणसे कोकणातल्या गावोगावी पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. गावांवरून आडनावे पडली : दिवेकर, पेणकर, केहिमकर, चेऊलकर, अष्टमकर. भाषा मराठी झाली, लुगडे-चोळी आली, सणांनाही मराठी नावे मिळाली. प्रायश्चित्ताचा मोठा उपवास हा 'दारफळणीचा सण' झाला. यरुशलेमचे मंदिर पडल्याच्या दुःखाचा दिवस 'बिरड्याचा सण' झाला, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे खायचे. पवित्र ग्रंथ जवळ नव्हता, हिब्रू भाषा विसरली होती. पण 'शमा' ही एक प्रार्थना तेवढी तोंडात राहिली. देव एकच आहे असे सांगणारी ती छोटीशी हिब्रू प्रार्थना जन्माला, लग्नाला, मरणाला, प्रत्येक प्रसंगी म्हटली जाई.

इथे जरा थांबावेसे वाटते. आपण नेहमी म्हणतो की उपासनेतले गाणे लोकांना समजले पाहिजे. ते खरेच आहे. पण इथे एक अख्खा समाज शब्दशः न समजणाऱ्या एका प्रार्थनेला पिढ्यान्‌पिढ्या धरून राहिला, आणि ती प्रार्थना त्याला धरून राहिली. तेव्हा 'समजणे' हा शब्द वाटतो तितका सोपा नाही. आजीच्या तोंडून ऐकलेले, तिच्याच सुरात म्हटलेले, अर्थ न सांगता आलेले जे असते, त्यातही एक प्रकारचे समजणे असते. आपल्या जुन्या मंडळींना लॅटिन मिस्सातली गाणी अजून आठवतात. त्यांना विचारून पाहा.

पुढे दिवस पालटले. समाज मुंबईत आला. १७९६ साली समाजी हसाजी दिवेकर म्हणजेच सॅम्युएल एझकिएल दिवेकर यांनी मांडवी भागात पहिले प्रार्थनामंदिर बांधले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्याबद्दल देवाचे आभार म्हणून ते बांधले, असे सांगतात. बेने इस्राएल त्याला 'जुनी मशीद' म्हणत. मशीद बंदर स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले असे मानणारे पुष्कळ आहेत. कोचीनहून यहुदी शिक्षक आले, येमेनहून शेलोमो सालेम शुराबी आले, नंतर बगदादी यहुदी आले. त्यांनी हिब्रू प्रार्थना शिकवल्या आणि त्यांच्याबरोबर आपापल्या चालीही शिकवल्या. म्हणजे मुंबईतल्या बेने इस्राएल मंदिरात जे 'परंपरेचे' म्हणून गायले जाई, त्यातले बरेचसे मुळात कोचीनचे, येमेनचे, बगदादचे होते. चाल कुठून आली हे विचारायचेच ठरवले, तर जुनी म्हणवणारी चालही पाहुणीच निघते.

हिब्रू प्रार्थना आल्या, पण तरुणांना त्या कळेनात. ज्या मुलांनी शाळेत मराठी पुस्तके वाचली, मराठी नाटके पाहिली, त्यांना अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा कुणी आणि कशा सांगायच्या? इथे आपल्या मिशनरी बंधूंचाही थोडा हात आहे. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले होते. बायबलचे मराठी भाषांतर प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी घरोघर पोचवले होते. बेने इस्राएलांनी ते वाचले, पण धर्म बदलला नाही. उलट आपल्या कथा आपणच सांगायच्या असे ठरवले. वल्हांडणाच्या रात्री वाचायचे 'हग्गादा' १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापले गेले. आणि १८८० च्या सुमारास मुंबईत काही तरुणांनी एक धाडसी गोष्ट केली. त्यांनी यहुदी कीर्तन सुरू केले.

कीर्तन म्हणजे देवळातले, नारदाच्या गादीवरचे. पेटी, तबला, झांजा, मध्ये उभा कीर्तनकार, ओव्या, अभंग, साक्या, दिंड्या, आणि कथा. हे सारे त्यांनी उचलले आणि आख्यान ठेवले अब्राहामाचे, योसेफाचे, एलियाचे. बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांचे नाव या पहिल्या कीर्तनकारांत घेतले जाते. त्याच १८८० साली, ३१ ऑक्टोबरला, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा पहिला प्रयोग झाला आणि मराठी माणसाच्या कानात नाट्यसंगीत शिरले. म्हणजे तो काळच असा होता की चाली हवेत होत्या.

आता या तरुणांपुढचा पेच पाहा. मूर्तिपूजा नको, ही त्यांच्या धर्माची पहिली अट. आणि कीर्तनाची सुरुवात तर गणेशवंदनाने! कीर्तनातले काय घ्यायचे आणि काय सोडायचे? वंदन ठेवायचे, पण ते एकाच देवाला. कथा सांगण्याची रीत ठेवायची, पण कथा आपल्या ग्रंथातली. साकी-दिंडीला काय, ती कुणाची मूर्ती थोडीच आहे! ती बोलण्याची एक लय आहे. असा एकेक धागा उसवून त्यांना पाहावा लागला असणार. आपण ज्याला सहज 'भारतीयीकरण' म्हणतो ते असे नाजूक काम असते. नुसता तबला आणून ठेवला म्हणजे ते होत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. त्यांनी त्याला नाव 'कीर्तन'च ठेवले. नवे हिब्रू नाव देऊन ते आपलेच आहे असे भासवले नाही. उसनी आणलेली वस्तू ज्या घरची, त्या घराचे नाव तिच्यावर राहू दिले. आपण एखाद्या आरतीची किंवा भजनाची चाल घेतो तेव्हा एवढा प्रामाणिकपणा पाळतो का? ज्या शेजाऱ्याची ती पूजेची चाल आहे, त्याला ती आपल्या तोंडून ऐकून काय वाटेल, याचा विचार क्वचितच होतो. सिनेमाच्या चालीपेक्षा मला हा प्रश्न अधिक गंभीर वाटतो.

पण हे कीर्तन उपासनेत नव्हते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. यहुदी परंपरेत शब्बाथच्या दिवशी वाद्य वाजवीत नाहीत. एक कारण मंदिर पडल्याचा शोक. दुसरे फार व्यवहारी आहे : वाद्य बिघडले तर कुणी ते दुरुस्त करू लागेल आणि विश्रांतीचा दिवस मोडेल. म्हणून मंदिरातली शब्बाथची प्रार्थना केवळ गळ्यावर चालते. पेटी-तबल्याचे कीर्तन इतर दिवशी, इतर प्रसंगी. १८१० मध्ये जर्मनीत झेसेन गावी सुधारक यहुद्यांनी मंदिरात ऑर्गन बसवला तेव्हा केवढे वादळ उठले! मुंबईतही १९२५ साली डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने उदारमतवादी यहुदी संघटना उभी राहिली. पण बहुतेक बेने इस्राएल जुन्या रीतीतच राहिले. त्यांनी उपासना हिब्रूत ठेवली आणि समजावणे मराठीत, कीर्तनात आणि घरच्या गाण्यांत. मलिद्याच्या ताटाभोवती, म्हणजे गोड पोहे, खोबरे, फळे मांडून एलिया संदेष्ट्याची आठवण करतात तेव्हा, दोन्हीही सूर एकत्र येतात.

चाल उसनी घ्यावी की नाही, यावर यहुदी पंडितांनी शतकानुशतके विचार केलेला आहे. आपले देऊळ आणि सिनेमा हा वाद काल-परवाचा वाटतो, पण खुद्द स्तोत्रसंहिता उघडून पाहा. काही स्तोत्रांच्या माथ्यावर विचित्र शब्द आहेत. बाविसाव्या स्तोत्राच्या वर 'पहाटेची हरिणी' असे काहीसे लिहिलेले आहे. अनेक अभ्यासकांच्या मते ही त्या वेळच्या लोकांना माहीत असलेल्या एखाद्या गाण्याची चाल आहे. आपल्या गीतपुस्तकात गाण्याच्या वर 'चाल : अमुक' छापतात, तसेच. आणि बाविसावे स्तोत्र म्हणजे ज्याचे शब्द क्रुसावर प्रभूच्या ओठी आले, ते. ते जर एखाद्या लोकगीताच्या चालीवर गायले जात असेल, तर आपण फार नाक मुरडू नये.

सोळाव्या शतकात इस्राएल नजारा नावाचे एक कवी होऊन गेले. तुर्की, अरबी, स्पॅनिश प्रेमगीतांच्या चालींवर त्यांनी हिब्रू भक्तिगीते रचली, कारण तरुण ती प्रेमगीते गात होते. लोकांनी त्यांच्यावर टीका केली. आज त्यांची गाणी जगभरच्या यहुदी घरांत शब्बाथच्या जेवणानंतर गातात, बेने इस्राएल घरांतही. पोलंडचे रब्बी योएल सिर्किस यांना, जे १६४० मध्ये वारले, कुणी विचारले की ख्रिस्तमंदिरातली चाल आपल्या मंदिरात चालेल का. त्यांनी भेद केला : जी चाल खास त्यांच्या उपासनेचीच आहे ती नको, बाकीची चालेल. हंगेरीत कालोव्हच्या रब्बींची गोष्ट सांगतात की त्यांनी एका गुराख्याकडून त्याचे गाणे पैसे देऊन विकत घेतले, आणि विकल्याबरोबर गुराखी ते विसरून गेला. खरे-खोटे देव जाणे, पण गोष्टीतला भाव कळतो. खबाद पंथाचे लोक तर उपवासाच्या सर्वात पवित्र दिवसाच्या शेवटी नेपोलियनच्या सैन्याची म्हणून ओळखली जाणारी कूच गातात. त्यांचे गुरू श्नेऊर झाल्मान हे नेपोलियनचे कट्टर विरोधक होते! आणि उलट बाजूने पाहायचे तर १८२८ मध्ये व्हिएन्नाचे यहुदी गायक सालोमन सुल्झर यांच्यासाठी कॅथलिक संगीतकार शूबर्ट यांनी ब्याण्णवाव्या स्तोत्राला हिब्रू शब्दांतच चाल लावून दिली.

हे सगळे वाचून मला असे वाटते की चालीचे कूळ विचारण्यात फारसा अर्थ नाही. विचारायचे ते हे की आज, या माणसांच्या मनात, ती चाल कुठे नेते. अर्पणगीत सुरू झाले आणि भाविकांच्या डोळ्यांसमोर सिनेमातली नटी उभी राहिली, तर ते गाणे अजून उपासनेला तयार नाही. पन्नास वर्षांनी, सिनेमा विसरला गेल्यावर, तीच चाल कदाचित चालेल. गुराखी आपले गाणे विसरतो, त्याचा अर्थ मी असा घेतो. म्हणून आमच्या तरुणांना मी 'नको' म्हणणार नाही, 'अजून नको' म्हणेन. आणि घरच्या प्रार्थनेत, सहलीत, तरुणांच्या मेळाव्यात ती चाल गायला काय हरकत आहे? बेने इस्राएलांनी कीर्तनासाठी अशी वेगळी जागा ठेवली होती. सगळे काही मिस्सातच कोंबले पाहिजे असे थोडेच आहे.

जाता जाता एक गंमत. सिनेमा ही बेने इस्राएलांना परकी गोष्ट नव्हतीच. १४ मार्च १९३१ ला मुंबईत लागलेला पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' ज्यांच्या लेखणीतून आला ते जोसेफ डेव्हिड पेणकर याच समाजाचे. नट डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, तेही. तेव्हा त्यांच्या बायका घरगुती समारंभात भक्तिगीत सिनेमाच्या चालीवर गाऊ लागल्या, तर ती चाल अगदीच परक्या घरची नव्हती.

आपल्या ख्रिस्तसभेनेही हा रस्ता चालून पाहिला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले ते ओवीत. रेव्हरंड टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ताच्या चरणी वाहिले. १९०३ मध्ये दहावे पायस पोप महाशयांनी पियानो आणि ढोल-झांजांसारखी गोंगाटी वाद्ये देवळाबाहेर ठेवली. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने सांगितले की ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला उपासनेत योग्य मान मिळावा, आणि वाद्य पवित्र कामाला साजेसे असावे किंवा तसे करता यावे. आपल्याच उपनगरात, अंधेरीच्या ज्ञान आश्रमात, जर्मन धर्मगुरू फादर जॉर्ज प्रॉक्श यांनी भारतीय रागांवर भक्तिगीते रचण्यात आयुष्य घालवले. तेव्हाही 'हे हिंदूंचे झाले' असे म्हणणारे होतेच.

आता या कथेचा मला सर्वात विचारात पाडणारा भाग सांगतो. १९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. तेव्हा भारतात ते वीस हजारांच्या आसपास होते, आज इथे चार-पाच हजार उरले असतील. तिथे गेल्यावर त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली गेली. लग्नाच्या वेळी त्यांच्या कुळाची चौकशी होऊ लागली. १९६४ मध्ये मोठे आंदोलन झाले, तेव्हा त्यांना बरोबरीचे यहुदी म्हणून मान्यता मिळाली. ज्याला रोज आपण खरे आहोत हे सिद्ध करावे लागते, त्याने कोकणची वेगळी चाल मंदिरात मिरवावी कशी? मंदिरात इतरांच्या चाली शिरू लागल्या. मराठी गाणी उरली ती मुख्यतः बायकांच्या वह्यांत, त्यांच्या कीर्तनमंडळांत, मलिद्याच्या बैठकीत.

आणि तिथे सारे उलटे झाले. मुंबईत मराठी कीर्तन सुरू झाले ते तरुणांना हिब्रू कळत नाही म्हणून. इस्राएलमधल्या नातवंडांना हिब्रू शाळेत, रस्त्यावर, बाजारात सगळीकडे कळते. त्यांना कळत नाही ती मराठी. आजी अब्राहामाची कथा साकी-दिंडीत गाते आणि नातू शेजारी बसून टाळ्यांचा ठेका धरतो, शब्द न समजता. ज्या भाषेने अर्थ उलगडायचा ती आता स्वतःच न समजणारी, पण जपून ठेवण्याची पवित्र भाषा झाली. कोकणात कधी काळी 'शमा' जशी होती तशी.

आता त्या समाजाने काय निवडावे? नातवाला कळेल अशा हिब्रू चाली घ्याव्यात, तर आजीचा देवाशी बोलण्याचा सूर जातो. मराठी धरावी, तर नातू उठून जाईल. मुंबईतल्या काही प्रार्थनामंदिरांत तर सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमणेच कठीण झाले आहे. तिथे कोणती चाल हा प्रश्न नाही, गाणार कोण हा प्रश्न आहे.

बंधुभगिनींनो, आपल्या मराठी मिस्साला मागच्या बाकांवर बसणारी मुले पाहा. इंग्रजी माध्यमात शिकतात. 'कृपा', 'तारण', 'पुनरुत्थान' हे शब्द त्यांना मोठ्यांच्या तोंडून ऐकूनच माहीत आहेत, वाचता येतीलच असे नाही. गायनवृंद आगमनकाळाची गाणी निवडायला बसेल तेव्हा सिनेमाची चाल हवी की नको यावर अर्धा तास जाईल. माझी विनंती एवढीच की त्याआधी पाच मिनिटे एका वेगळ्या गोष्टीसाठी ठेवावीत. ज्या तीन-चार मराठी गाण्यांवाचून आपल्या आजी-आजोबांचा नाताळ झाला नसता, ती कोणती, हे त्यांना विचारून लिहून घ्यावे, आणि त्यांतले निदान एक, त्याच जुन्या चालीत, मुलांना तोंडपाठ करून द्यावे. अर्थ नंतर सांगता येईल.